पाच सिग्मा, पाच टक्के आणि सिद्धता: शोधनिबंधांना गुण द्यायचे तर कोणत्या मापाने?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही भौतिकशास्त्र शिकलात आणि आता वाढतं तापमान, पीक उत्पादन आणि शेतमालाचे भाव यांवर एकत्र काम करणाऱ्या गटात आहात. एकाच आठवड्यात हवामानाची प्रारूपं (संगणकावरची मॉडेल), वनस्पतींवरचे प्रयोग, अर्थशास्त्रातले अंदाज आणि मधूनच एखादं प्रमेय असं सगळं वाचावं लागतं. गटप्रमुखांनी प्रत्येक पेपरला विश्वासार्हतेचे एक ते दहा गुण द्यायला सांगितलंय. तुम्हाला खटकतंय ते हे, की भौतिकशास्त्रात पाच सिग्मा (निकाल निव्वळ योगायोगाचा नाही हे ठरवायची फार कडक कसोटी) झाल्याशिवाय कोणी शोध लागला असं म्हणत नाही आणि अर्थशास्त्रवाले योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आली की समाधान मानतात. त्यात तुमचा गणितातला मित्र म्हणतो, सिद्धता नसेल तर बाकी सगळे अंदाजपंचे.

प्रश्न थोडा फिरवून घेते. कोणता विषय जास्त भरवशाचा हे ठरवून तुमचं काम भागणार नाही. ज्या विषयातले खाचखळगे माहीत नाहीत, त्यातल्या दाव्यावर तुम्हाला पुढचं काम उभारायचं आहे, ही खरी अडचण. ती माझ्या रोजच्या परिचयाची आहे. मी संख्याशास्त्रज्ञ आहे. वेगवेगळ्या विभागांतले संशोधक माझ्याकडे येतात, क्वचित प्रयोगाच्या आधी आणि बहुतेकदा समीक्षकांचं खरमरीत पत्र आल्यावर. विषय माझा नसतो, मत मात्र द्यावं लागतं. अशा वेळी मी एकच प्रश्न धरून वाचते: हे चुकीचं असेल तर चूक कुठे दडलेली असेल, आणि आतापर्यंत ती कोणाच्या नजरेला पडली असती? उत्तर विषयागणिक बदलतं. म्हणून सगळ्यांना एकच माप लावलं की गोंधळ होतो.

आधी मित्राचं म्हणणं घेऊ. गणितात चूक युक्तिवादातच असते आणि युक्तिवाद सगळा कागदावर असतो, ही त्या विषयाची मोठी सोय. पण तपासता येणं वेगळं आणि कोणी तपासलेलं असणं वेगळं. नकाशा रंगवायला चार रंग पुरतात याची केंप यांची सिद्धता १८७९मध्ये छापून आली, मान्यही झाली. तिच्यातली खोट हीवूड यांनी दाखवली १८९०मध्ये. (खोट असलेल्या त्या सिद्धतेतून पाच रंग नक्की पुरतात एवढं मात्र हीवूड यांनी वाचवलं.) सारख्या आकाराचे गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचता येतील, या केप्लरच्या अनुमानाची हेल्स यांची सिद्धता १९९८ची. बारा समीक्षक काही वर्षं तिच्याशी झुंजले आणि शेवटी ‘नव्याण्णव टक्के खात्री आहे’ म्हणून थांबले, कारण सिद्धतेचा मोठा भाग संगणकाच्या आकडेमोडीवर होता. ती छापली गेली २००५मध्ये, आणि ओळ न् ओळ संगणकाने पडताळलेली आवृत्ती पूर्ण व्हायला २०१४ उजाडलं. म्हणजे गणितातसुद्धा ‘किती खात्री?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. फरक इतकाच, की तिथे खात्री बसते तेव्हा ती कायमची बसते.

गणिताच्या आसपास फिरणारा, पण गणित नसलेला एक प्रकार जपून वाचा: ‘इतक्या कोटी संख्यांपर्यंत तपासलं, अपवाद नाही.’ गणितज्ञ पोल्या यांनी १९१९मध्ये सुचवलं होतं, की कोणत्याही मर्यादेपर्यंतच्या संख्या घेतल्या तर त्यांतल्या किमान निम्म्या संख्यांच्या मूळ अवयवांची संख्या, पुनरावृत्ती धरून, विषम असते. कितीही तपासा, बरोबरच निघायचं. हेझलग्रोव्ह यांनी १९५८मध्ये ते खोटं ठरवलं, आणि अनुमान पहिल्यांदा जिथे मोडतं ती मर्यादा पुढे सापडली ती ९०,६१,५०,२५७. भौतिकशास्त्रात नव्वद कोटी वेळा जुळणारा नियम कोणीही डोळे झाकून वापरला असता, आणि गैर केलं असं मी म्हणणार नाही.

तुमच्या कामात मात्र प्रमेय चुकीचं असण्याची भीती जवळपास नाहीच. धोका आहे तो प्रमेय बरोबर असून त्याच्या अटी तुमच्या डेटाला लागू नसण्याचा. नमुना पुरेसा मोठा असला की सरासरी घंटेच्या आकाराच्या वक्राकडे सरकते, या आधारावर किती पेपर लिहिले जातात! त्या प्रमेयाच्या नेहमीच्या रूपाला निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र लागतात आणि त्यांचं प्रसरण (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) मर्यादित लागतं. भावांमधल्या उसळ्या आणि आपत्तीतलं नुकसान यांच्या बाबतीत दुसरी अट संशयास्पद असते. पहिली तर शेतीच्या डेटात उघड उघड मोडते. त्याबद्दल पुढे बोलू. कोणी ‘हे गणिताने सिद्ध आहे’ म्हणालं, की मी सिद्धता बाजूला ठेवून आधी गृहीतकांचं पान उघडते.

आता तुमचा स्वतःचा विषय. पाच सिग्मा म्हणजे प्रत्यक्षात काहीच नसताना निव्वळ योगायोगाने इतका मोठा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. एवढा कडक नियम कणभौतिकीत का आला? एकतर तिथे शेकडो आलेखांत, हजारो ठिकाणी नव्या कणाची खूण असू शकणारे उंचवटे शोधले जातात, त्यामुळे कुठे ना कुठे योगायोग घडणारच. दुसरं म्हणजे तीन सिग्माचे उंचवटे येऊन विरून गेल्याचा अनुभव दांडगा आहे. आणि तिसरं कारण फारसं बोललं जात नाही: तिथे आणखी डेटा गोळा करता येतो. यंत्र अजून वर्षभर चालवलं की कणांच्या टकरींची संख्या वाढते. ज्याला थांबणं परवडतं तोच एवढा कडक नियम लावू शकतो. १९३०च्या दशकातली महामंदी कोणाला दुसऱ्यांदा घडवून पाहता येणार नाही.

शिवाय सिग्मा फक्त योगायोगाबद्दल बोलतो. २०११मध्ये ऑपेरा प्रयोगात स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतच्या सुमारे ७३० किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं, तेही सहा सिग्मांनी. कारण निघालं नीट न बसलेली प्रकाशतंतूची केबल आणि तिच्या जोडीला घड्याळातला एक दोष. पुढच्या वर्षापर्यंत विषय संपला. २०१४मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीला विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या गुरुत्वीय लहरींची खूण मिळाल्याचं जाहीर झालं. तिथे केबल ठीक होती, संकेतही खरा होता आणि पाच सिग्मांच्या वर होता. फक्त तो विश्वारंभाचा नसून बराचसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा आहे, हे पुढच्या वर्षी प्लँक उपग्रहाच्या डेटाबरोबर केलेल्या संयुक्त विश्लेषणात दिसलं. उपकरण चुकलं तर काय होतं आणि अर्थ लावण्यात चुकलं तर काय होतं, हे या दोन उदाहरणांत वेगळं दिसतं. दोन्हीकडे सिग्माचा आकडा चोख होता.

हवामानाच्या प्रारूपांना तर पाच सिग्मा लावायचा म्हटलं तरी लावता येत नाही. तीस प्रारूपं एकच गोष्ट सांगत असतील तर ते तीस स्वतंत्र साक्षीदार नसतात. बऱ्याच प्रारूपांत एकमेकांचा कोड आणि ढगांबद्दलची सारखीच गृहीतकं असतात. म्हणून तिथे विश्वास वेगळ्या वाटेने बांधला जातो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान शेवटी किती वाढेल, याचा १९७९ सालचा पल्ला होता १.५ ते ४.५ अंश. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१च्या अहवालात तो २.५ ते ४ अंशांवर आला, आणि त्यामागे केवळ मोठे संगणक नव्हते. प्राचीन हवामानाच्या खुणा, दीडशे वर्षांची मोजमापं आणि ढगांच्या प्रक्रियांची समज, अशा चुका करण्याची तऱ्हाच वेगळी असलेल्या वाटा एका जागी भेटल्या. असा मेळ मला एका पेपरातल्या सात सिग्मांपेक्षा जास्त पटतो.

जीवशास्त्राकडे येताना एक साधा हिशेब करून बघा. समजा, संशोधकांनी हजार कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या शंभर खऱ्या आहेत. प्रयोग नीट आखलेले असतील, म्हणजे खरा परिणाम ८० टक्के वेळा पकडणारे, तर ८० खरे परिणाम हाती लागतील. उरलेल्या नऊशे खोट्या कल्पनांपैकी पाच टक्के, म्हणजे ४५, योगायोगाने पास होतील. पास झालेल्या १२५ पैकी ३६ टक्के खोट्या! नमुने लहान असले आणि प्रयोग खरा परिणाम ३० टक्केच वेळा पकडत असले, तर ३० खऱ्यांच्या शेजारी तेच ४५ खोटे बसतात. लबाडी कोणीच केलेली नाही. ‘पाच टक्के’ या आकड्याचा अर्थ मुळात किती कल्पना खऱ्या असण्यासारख्या होत्या आणि प्रयोग किती दमदार होता यावर ठरतो, आणि या दोन्ही गोष्टी पी-मूल्याच्या (परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्याच्या) शेजारी छापलेल्या नसतात. कर्करोग आणि रक्तविकारांवरच्या ५३ गाजलेल्या अभ्यासांपैकी सहाच निकाल आपल्याला पुन्हा मिळाले, असं एका औषध कंपनीच्या संशोधकांनी २०१२मध्ये लिहिलं तेव्हा खळबळ माजली. वरचा हिशेब ज्यांनी कधी करून पाहिला होता, त्यांना तेवढा धक्का बसला नसावा.

तुमच्या गटाच्या पिकांच्या विषयातला धोका याहून वेगळा आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमाने वाढतात, हे बंदिस्त कक्षांत अनेकदा दिसलं आणि तिथे ते खरंही आहे. पण उघड्या शेतात, नळ्यांनी वायू सोडून केलेल्या प्रयोगांत उत्पादनातली वाढ बंदिस्त प्रयोगांच्या जवळपास निम्मीच दिसते, असं २००६मधल्या एका चर्चित पेपरात मांडलं गेलं. त्यावर पुढे वादही झाले. इथे पी-मूल्याची भांडणं निरर्थक आहेत. कक्षातला निकाल शेताला लागू पडतो का, एवढंच विचारायचं. म्हणून जीवशास्त्राचा पेपर हातात आला की मी सारांश सोडून ‘पद्धती’चा भाग आधी वाचते: किती कुंड्या, किती हंगाम, आणि एकाच कक्षातल्या दहा कुंड्या दहा स्वतंत्र निरीक्षणं म्हणून मोजल्यात का. ही शेवटची गफलत इतकी सर्रास दिसते, की आता माझं बोट आपोआप त्या ओळीवर जातं. (एक्सेलने जनुकांची नावं तारखांमध्ये बदलल्याचे प्रकार इतके वाढले, की २०२०मध्ये शेवटी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलावी लागली. परिशिष्टातले तक्ते उघडून पाहत जा, करमणूकही होते.)

अर्थशास्त्राबद्दल जास्त लिहिते, कारण तुमचा गैरसमज तिथे जास्त आहे. त्या विषयात योगायोग हा मुख्य शत्रू नाहीच. लाखो नोंदींचा डेटा असला की जवळपास प्रत्येक फरक ‘लक्षणीय’ ठरतो. चूक दडते ती तुलनेत: तापमान वाढलं नसतं तर काय झालं असतं, हे कोणी पाहिलेलं नसतं, ते कशावरून तरी ताडावं लागतं.

तापमान आणि शेतीवरची वाटचालच बघा. १९९४मध्ये मेंडेलसोन, नॉर्डहाउस आणि शॉ यांनी उष्ण आणि थंड भागांतल्या शेतजमिनींच्या किमतींची तुलना केली. कल्पना सुरेख होती: उष्ण भागातल्या शेतकऱ्याने पिकं आणि पद्धती आधीच बदलून घेतलेल्या असतात, त्यामुळे जमिनीच्या किमतीत जुळवून घेण्याचा हिशेबही येतो. पण दोन भागांत फक्त तापमानाचा फरक नसतो. पुढे असं दाखवलं गेलं, की पाटपाण्याची सोय असलेली आणि नसलेली शेती एकत्र मोजली तर चित्र बिघडतं. तापमानाच्या खात्यावर पाण्याचा परिणाम जमा होतो. मग २००७मध्ये देशेन आणि ग्रीनस्टोन यांनी दुसरी वाट धरली: एकाच ठिकाणचं गरम वर्ष आणि थंड वर्ष यांची तुलना. जमीन तीच, पाटही तेच. त्यात अमेरिकी शेतीच्या नफ्याला थोडा फायदाच दिसला. २०१२मध्ये त्याच जर्नलमध्ये दुसऱ्या गटाने हवामानाच्या डेटातल्या चुका दाखवल्या, आणि हेही दाखवलं की वाईट वर्षी शेतकरी साठ्यातला माल विकतो, त्यामुळे त्या वर्षीचा नफा नुकसान झाकतो. दुरुस्तीनंतर फायद्याच्या जागी तोटा आला.

या सगळ्या मंडळींची पी-मूल्यं बघून तुम्हाला काय कळलं असतं? काहीच नाही. आणि दोन्ही पद्धती वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात हेही लक्षात घ्या. वर्षावर्षांची तुलना अचानक आलेल्या उन्हाळ्याचा परिणाम सांगते, ज्यात शेतकऱ्याला पीक बदलायला सवड नसते. जमिनीच्या किमती दीर्घ मुदतीचं सांगतात, पण त्यात इतर फरक मिसळलेले असतात. तुमच्या गटाला २०५०चा अंदाज हवा असेल तर सत्य या दोहोंच्या मधे कुठेतरी असावं, असं माझं मत आहे; नेमकं कुठे, हे जुळवून घेण्याचा खर्च काय धरता यावर अवलंबून राहील.

श्लेंकर आणि रॉबर्ट्स यांचा २००९चा पेपर तुमच्या यादीत असेलच: अमेरिकेतल्या मक्याचं उत्पादन २९ अंशांपर्यंत तापमानाबरोबर वाढतं आणि त्यापुढे झपाट्याने घसरतं, सोयाबीनसाठी ही मर्यादा ३० आणि कपाशीसाठी ३२. असे पेपर वाचताना मघाची स्वातंत्र्याची अट आठवा. दुष्काळ तालुक्याच्या सीमा बघून पडत नाही. शेजारच्या शंभर तालुक्यांत एकाच वर्षी पीक बुडालं तर ती शंभर निरीक्षणं नव्हेत, कदाचित दोन-तीनच. लेखकांनी प्रमाणत्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) काढताना शेजारचे भाग आणि तेच वर्ष यांना एकत्र धरलंय का, हे तक्त्याखालच्या बारीक टिपेत असतं. धरलं नसेल तर तिथला पाच टक्के हा खरा पाच टक्के नसतो, आणि एवढ्यापुरती तुमची शंका रास्त आहे. वर उल्लेखलेल्या पेपरात ही काळजी घेतलेली आहे.

अर्थशास्त्राची एक जमेची बाजूही सांगते. राईनहार्ट आणि रोगॉफ यांच्या २०१०च्या पेपरात राष्ट्रीय कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के दिली होती. २०१३मध्ये एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने मूळ फाइल मागवली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले निघाले. त्याने दोन प्राध्यापकांबरोबर नव्याने काढलेला आकडा २.२ टक्के आला. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती सुटलेल्या ओळींची गंमत. फरकाचा मोठा भाग मात्र काही वर्षं वगळण्याच्या आणि देशांना वजन देण्याच्या निर्णयांतून आला होता. अशा प्रकरणांनंतर नियम कडक होत गेले. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या जर्नलांत २०१९पासून पेपर छापण्याआधी लेखकांचा कोड चालवून निकाल जुळतात का ते पाहतात. ही शिस्त प्रयोगशाळेच्या विषयांत सगळीकडे आलीय असं म्हणता येणार नाही.

इथवरचं एकत्र ठेवायचं तर: गणितात गृहीतकं बघा, भौतिकशास्त्रात उपकरण आणि अर्थ, जीवशास्त्रात नमुना आणि तो निकाल कक्षाबाहेर टिकतो का ते, अर्थशास्त्रात तुलना कोणाशी केलीय ते.

छापलेला पेपर की प्रीप्रिंट (समीक्षेआधीच जाहीर केलेला मसुदा), यावरून गुण कापू नका. भौतिकशास्त्रात १९९१पासून, आणि पुढे गणितातही, अर्काइव्ह या संकेतस्थळावर आधी टाकायची रीत आहे. अर्थशास्त्रात कार्यपत्र (चर्चेसाठी आधीच फिरवलेला मसुदा) छापून यायला कित्येक वर्षं जातात आणि तोवर विषयातल्या सगळ्यांनी ते फाडून झालेलं असतं. उलट छापून आलेला पेपर दोन-तीन समीक्षकांनी सवडीने वाचलेला असू शकतो, आणि समीक्षक सहसा कच्चा डेटा उघडत नाहीत. लेखकांच्या क्रमावरूनही काही ताडू नका. गणितात आणि अर्थशास्त्रात तो बहुधा वर्णानुक्रमे असतो, प्रयोगशाळेच्या जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रमुखाचं, आणि हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या पेपरला तर पाच हजारांहून जास्त लेखक होते. त्यापेक्षा त्या विषयातल्या एखाद्या माणसाला गाठून विचारा, ‘या निकालावर तुमच्यात कोणाचा विश्वास नाही, आणि का?’ अर्ध्या तासाच्या गप्पांत महिनाभराच्या वाचनाएवढं कळतं.

राहिला गटप्रमुखांचा तक्ता. एक ते दहाचा रकाना काढून टाका असं सांगणं तुमच्या गटात जमेल की नाही, ते तुम्हालाच माहीत. जमत नसेल तर गुण द्या, पण शेजारी तीन रकाने वाढवा. पहिल्यात पेपरातला नेमका जो आकडा तुम्ही उचलताय तो, त्याच्या अनिश्चिततेसह. दुसऱ्यात तो चुकला असेल तर कुठे चुकला असण्याची शक्यता जास्त, ते एका ओळीत. तिसऱ्यात तो आकडा निम्मा किंवा दुप्पट निघाला तर तुमच्या शेवटच्या निष्कर्षात काय फरक पडेल ते. मक्याच्या २९ अंशांसाठी दुसऱ्या रकान्यात मी लिहीन, ‘एका देशातला डेटा, ओलिताची शेती बहुतांश वगळलेली, नवी वाणं आल्यावर मर्यादा सरकू शकते.’ कार्बन डायऑक्साइडच्या फायद्यासाठी लिहीन, ‘कक्ष की उघडं शेत?’ तिसरा रकाना भरायला संगणकावर गणित दोनदा चालवावं लागेल, पण तेवढ्यावरून कोणते चार-पाच पेपर मुळातून वाचायचे, कोणाचा डेटा आणि कोड मागवायचा हे ठरेल. ज्यांचा आकडा दुप्पट झाला तरी तुमचं उत्तर हलत नाही, त्यांना पाच द्या नाहीतर आठ, कोणी विचारायला येणार नाही.